कोयता परगावी, म्हातारी माणसं गावात: या विषयावर पीएच.डी. करायची तर

पत्र

मी बीड जिल्ह्यातल्या एका समाजकार्य महाविद्यालयात शिकवते आणि नोकरी सांभाळून पीएच.डी. करते. विषय मंजूर झालाय: ‘ऊसतोड कामगारांच्या कुटुंबांतील ज्येष्ठांचे आरोग्य व काळजी’. कोर्सवर्क संपलं. मार्गदर्शक म्हणतात, ३८४ चा नमुना घ्या आणि मे महिन्याच्या सुट्टीत माहिती गोळा करून टाका, तेव्हा सगळी माणसं गावात सापडतात. माझी प्रश्नावली ७२ प्रश्नांची झालीय. एथिक्स कमिटीची (नीतिसमितीची) परवानगी लागते का, यावर विभागात दोन मतं आहेत. रक्त वगैरे काही काढायचं नाही, मग परवानगी कशाला, असं काहींचं म्हणणं. त्यात एका जर्नलचा मेसेज आलाय की ३,००० रुपये भरा, चार दिवसांत पेपर छापून देतो. कुठून सुरुवात करू?
एक वाचक, केज तालुका

उत्तर

ताई, विषय मोलाचा आहे. ऊसतोडीवरचं बहुतेक लेखन उसाच्या फडात जाणाऱ्यांबद्दल आहे: उचल (आगाऊ घेतलेली रक्कम), मुकादम (टोळी नेणारा), कोपीतलं (झोपडीतलं) राहणं, लेकरांची शाळा, बायकांच्या शस्त्रक्रिया. गावात मागे राहिलेल्या म्हाताऱ्या माणसांकडे त्या मानाने कमी लोकांनी पाहिलंय. म्हणूनच हा अभ्यास नीट व्हायला हवा. त्यात सगळ्यात मोठा अडथळा ना ७२ प्रश्नांचा आहे, ना ३८४ च्या आकड्याचा. अडथळा मे महिन्याचा आहे.

मे महिन्यात लेक-सून घरी असतात. त्या वेळी आजीला विचारलं की ‘ही माणसं कारखान्यावर असताना तुमच्या जेवणाखाण्याचं, औषधपाण्याचं कसं असतं’, तर ती चार महिन्यांपूर्वीचं आठवून सांगणार, आणि तेही सून चुलीपाशी बसलेली असताना. उत्तर ठरलेलं आहे: ‘बरं चालतं की.’ यातून तुम्हाला मिळेल ती कुटुंबाची अब्रू राखणारी माहिती. जानेवारीत त्या घरात खरोखर काय होतं, ते मिळणार नाही. ज्या काळात माणूस एकटं असतं त्याच काळात त्याच्यापाशी जाऊन बसायला हवं. तेवढ्यानेही भागत नाही, कारण फक्त जानेवारीत गेलात तर जे दिसेल ते घरची माणसं गेल्यामुळे झालंय की मुळातच तसं होतं, हे कळायला मार्ग नाही.

म्हणून आमचा सल्ला असा की त्याच माणसांना दोनदा भेटा. पहिली फेरी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, टोळ्या निघायच्या आधी. दुसरी फेरी १५ जानेवारी ते १५ फेब्रुवारी. दुसरी फेरी मार्चवर ढकलू नका. गाळप कधी सुरू करायचं ते दरवर्षी राज्याची मंत्री समिती ठरवते आणि टोळ्या साधारण दसरा-दिवाळीच्या आसपास निघतात. परतण्याची तारीख मात्र उसावर असते. चांगल्या पावसाच्या वर्षी हंगाम एप्रिलपर्यंत ओढला जातो, दुष्काळी वर्षी फेब्रुवारी सरता सरता माणसं परतू लागतात. मार्चचं नियोजन करून गेलात आणि अर्धी घरं भरलेली निघाली, तर सगळं वर्ष वाया जाईल.

आता यातली एक मेख. जानेवारीत थंडी असते, गुडघे धरतात, खोकला वाढतो. ऑगस्टपेक्षा जानेवारीत म्हातारं माणूस जास्त परावलंबी दिसलं तर ते थंडीमुळे की सून गावात नाही म्हणून? याचं उत्तर देण्यासाठी त्याच गावांतली, ऊसतोडीला न जाणाऱ्या घरांतली म्हातारी माणसंही तितकीच घ्या. थंडी दोन्ही घरांना सारखीच. न जाणाऱ्या घरात जेवढा बदल झाला तो जाणाऱ्या घरातल्या बदलातून वजा करा. उरलेला फरक तुमच्या अभ्यासाचा खरा निष्कर्ष. तुलनेच्या घरांची जमीन, जात आणि आर्थिक स्थिती शक्य तितकी जवळची हवी. वीस एकरवाल्या बागायतदाराच्या वडिलांशी तुलना करून काही हाती लागणार नाही.

३८४ बद्दल. हा आकडा आला कुठून, ते मार्गदर्शकांना शांतपणे दाखवा. एखाद्या गोष्टीचं प्रमाण ५० टक्के धरलं, ९५ टक्के खात्री हवी आणि ५ टक्के इकडेतिकडे चालणार असेल, तर सूत्रातून ३८४ येतो. म्हणजे तो एकाच प्रमाणाच्या अंदाजासाठी आहे, आणि तोही पूर्ण यादीतून चिठ्ठ्या टाकून माणसं निवडली तर. तुम्हाला दोन गटांची तुलना करायचीय आणि माणसं गावागावांतून निवडायचीत. त्याचं गणित वेगळं.

समजा, मुख्य मोजमाप आहे ‘गेल्या ७ दिवसांत मदतीची गरज होती, पण मिळाली नाही’. हंगामात न जाणाऱ्या घरांत असे ३० टक्के आणि जाणाऱ्या घरांत ५० टक्के असतील असा अंदाज धरू. एवढा फरक असेल तर तो पकडण्याची ८० टक्के शक्यता राहावी, यासाठी प्रत्येक गटात ९१ माणसं लागतात. एका गावातली माणसं एकमेकांसारखी असतात (तोच दवाखाना, तोच रस्ता, तेच रेशन दुकान), म्हणून त्याला दीडपट करा: १३७. दुसऱ्या फेरीपर्यंत १५ टक्के गळतील असं धरा: १६२. दोन गट मिळून ३२४. ते १८ गावांत वाटले की प्रत्येक गावात ९ जाणाऱ्या घरांतली आणि ९ न जाणाऱ्या घरांतली माणसं. एका जणाने दिवसाला सहा नीट मुलाखती घेतल्या तर एका फेरीला ५४ दिवस लागतात. तुमच्यासोबत दोन प्रशिक्षित मुलं-मुली असतील तर १८. नोकरी करून हे जमतं. ३० आणि ५० हे आकडे आम्ही उदाहरणासाठी धरलेत. तुमचे आकडे पूर्वपाहणीतून येऊ द्या आणि हिशोब एखाद्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या जनवैद्यकशास्त्र विभागातल्या सांख्यिकीतज्ज्ञाकडून तपासून घ्या. तुम्हाला अंबाजोगाई जवळ आहे.

गावं निवडताना ओळखीची, रस्त्यावरची गावं घ्यायचा मोह होईल. तो टाळा. तालुक्यातल्या गावांची यादी करून प्रत्येक गावासमोर कोयत्यांची (ऊस तोडणाऱ्या जोडप्यांची) संख्या लिहा. ग्रामपंचायतीत ऊसतोड कामगारांच्या ओळखपत्रासाठी झालेली नोंद असते, ती आणि मुकादमांचा अंदाज असं दोन्ही ताडून पाहा. मग संख्येची बेरीज चढत्या क्रमाने मांडून, ठराविक अंतराने १८ गावं उचला. मोठ्या गावाला जास्त संधी मिळते आणि तांडे, वस्त्याही यादीत येतात. माणसांच्या यादीसाठी मतदार यादी आणि आशाताईंची कुटुंबनोंद एकत्र करा. एकट्या मतदार यादीत मयत माणसं राहिलेली असतात, आणि आशाताईंच्या नोंदीत शेतातल्या आखाड्यावर राहणारं घर कधी सुटतं.

वयाच्या नोंदीवर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. श्रावणबाळ योजनेची अट ६५ वर्षांची आहे, त्यामुळे ६५ भोवती वयं गोळा झालेली दिसतील, आणि आधार कार्डावर १ जानेवारी ही जन्मतारीख खंडीभर सापडेल. आठवणीवरून वय काढायची रीत आपल्याकडे सोपी आहे. ‘७२ च्या दुष्काळात तुम्ही खडी फोडायला जायच्या का? तेव्हा लगीन झालं होतं का?’ ऐंशीच्या पुढच्या माणसाला रझाकाराच्या वेळचं, पोलीस ॲक्शनच्या वेळचं विचारा. तेव्हा मी कडेवर होतो की ढोरं वळत होतो, ते तो सांगतो. १९४८ आणि १९७२ ही दोन वर्षं पकडली की वय दोन-तीन वर्षांच्या फरकाने बसतं.

‘मागे राहिलेले’ म्हणजे कोण, याची व्याख्या लिहून ठेवा, नाहीतर तोंडी परीक्षेत तिथेच अडकाल. आमची सूचना: वय ६० वा जास्त, आणि एकत्र चुलीवरचं किमान एक कोयत्याचं जोडपं सलग तीन महिने गावाबाहेर. यात एक गोष्ट नजरेआड होते. काही म्हातारी माणसं टोळीबरोबर जातात, कोपी राखायला आणि लहान लेकरं सांभाळायला. म्हणजे मागे राहणाऱ्यांत दोन टोकांची माणसं जास्त असतात: ज्यांना प्रवास झेपत नाही ती, आणि ज्यांच्यावर शाळेतली नातवंडं सोपवलीत ती. पहिल्या फेरीतल्या प्रत्येकाचं दुसऱ्या फेरीत काय झालं ते लिहा: गावात आहे, टोळीबरोबर गेलं, लेकीकडे गेलं, वारलं. हरवलेल्याच्या जागी शेजारचं दुसरं माणूस घेऊ नका. जास्त आजारी माणसंच अशी निसटतात. त्यांच्या जागी धडधाकट भरले की हंगामात काही बिघडत नाही असा खोटा निष्कर्ष निघतो. पहिल्या भेटीतच लेकीचं गाव आणि फोन घेऊन ठेवा.

नातवंडांचा मुद्दा या विषयाचा गाभा आहे असं आम्हाला वाटतं. तुमच्या शीर्षकात ज्येष्ठ हे काळजी घेतले जाणारे आहेत. प्रत्यक्षात सत्तरीची आजी तीन नातवंडांची भाकरी करते, शाळेत धाडते, शेळी सांभाळते, आणि ताप आला तर तिला विचारणारं कोणी नसतं. म्हणून प्रश्नावलीचे दोन सारखे भाग करा: ‘तुम्हाला कोण काय करतं’ आणि ‘तुम्ही कोणाचं काय करता’. दुसरा भाग वगळलात तर निम्मं चित्रच हाती येईल.

आता प्रश्न. ७२ पैकी निम्मे काढा. म्हातारं माणूस ३५-४० मिनिटांपलीकडे बसत नाही. पुढे तुमचं समाधान व्हावं म्हणून ‘हो, हो’ सुरू होतं. रोजच्या कामांसाठी काट्झचा निर्देशांक वापरा. त्यात सहा गोष्टी आहेत: आंघोळ, कपडे, शौचाला जाणं, उठबस, लघवी-संडासवरचा ताबा, जेवण. पण तो जसाच्या तसा उचलू नका. त्यातली उठबस म्हणजे पलंगावरून खुर्चीवर. आपल्याकडे माणूस वाकळेवरून, जमिनीवरून उठतं, आणि ते फार अवघड. पलंगाचं विचारलं तर ‘येतं’ म्हणेल, आणि जमिनीवरून मात्र भिंत धरल्याशिवाय उठता येत नसेल. तसंच शौचाचं: घरात संडास असला तरी पाणी नसलं की तांब्या घेऊन बाहेर जावं लागतं. ‘स्वतः जाता का’ एवढं विचारून भागत नाही; पाणी कोण भरून ठेवतं, रात्री-अपरात्री काय करता, हेही विचारा. मूळ सहा गोष्टींची मोजणी तशीच ठेवा आणि तुमचे जादा प्रश्न वेगळे लिहा, म्हणजे दुसऱ्या अभ्यासांशी तुलनाही राहते.

घर चालवायच्या कामांसाठी लॉटनची आठ कामांची यादी चालते: फोन, खरेदी, स्वयंपाक, घरकाम, धुणं, प्रवास, औषधं, पैशाचा व्यवहार. पूर्वी पुरुषांना यातली पाचच विचारत, स्वयंपाक-घरकाम-धुणं सोडून. तुम्ही तसं करू नका. सून गेल्यावर विधुर आजोबांचं पोट कशावर भरतं, हाच तर तुमचा प्रश्न आहे. जोडीला आपल्याकडची तीन कामं घाला: पाणी आणणं, रेशन आणणं, आणि अनुदान काढायला बँकेत जाणं. बोटाचे ठसे झिजले की मशीन अंगठा घेत नाही आणि रेशन, अनुदान दोन्ही अडतं. हे आजारपणाच्या यादीत कुठेच नसतं, पण जगणं त्यावर असतं.

मनाच्या स्थितीसाठी जेरियाट्रिक डिप्रेशन स्केलची (ज्येष्ठांमधल्या नैराश्याच्या मोजपट्टीची) १५ प्रश्नांची, हो-नाही उत्तरांची आवृत्ती सोपी आहे. ५ च्या वर गुण म्हणजे डॉक्टरांनी तपासावं इतकंच. प्रबंधात ‘इतके टक्के ज्येष्ठ नैराश्यग्रस्त’ असं लिहू नका. मराठीत पडताळलेली आवृत्ती आधी शोधा. नाही सापडली तर रीतसर भाषांतर करा. दोघांनी स्वतंत्रपणे मराठीत आणायचं, दोन्ही जुळवून एक मसुदा करायचा, मूळ न पाहिलेल्या तिसऱ्या माणसाने तो परत इंग्रजीत न्यायचा, आणि अर्थ कुठे सरकला ते बघायचं. मग आठ-दहा म्हाताऱ्या माणसांना प्रश्न वाचून दाखवून विचारायचं, ‘यातून तुम्हाला काय समजलं?’ ‘तुम्हाला निराश वाटतं का’ याला बहुतेक वेळा नुसतीच मान हलते. ‘करमतं का’, ‘जीव लागतो का’ म्हटलं की माणूस बोलायला लागतं. त्यानंतर नमुन्याबाहेरच्या गावात ३० जणांवर पूर्वपाहणी करा. आठवडाभराने त्यातल्या दहा-पंधरा जणांना तेच प्रश्न पुन्हा विचारा. उत्तरं फार बदलली तर प्रश्नात खोट आहे.

काळजीचं मत विचारू नका, घडलेलं विचारा. ‘मुलं तुमची काळजी घेतात का?’ याला मराठवाड्यातली कुठलीही माय ‘नाही’ म्हणणार नाही. त्याऐवजी: काल रात्री भाकरी कोणी थापली? सकाळचं पाणी कोणी भरलं? बीपीच्या गोळ्या शेवटच्या कधी संपल्या, आणि नव्या कोणी आणल्या, किती दिवसांनी? काळाचं माप त्यांच्या हिशोबाने ठेवा: ‘गेल्या ३० दिवसांत’ म्हणण्यापेक्षा ‘गेल्या अमावस्येपासून’, ‘गेल्या बाजारापासून’. पहिली फेरी श्रावणात येईल हे ध्यानात ठेवा. सोमवार-शनिवार धरणाऱ्या माणसाने ‘काल एकदाच जेवलो’ म्हटलं तर ती उपासमार नव्हे. उपवासाचा रकाना दोन्ही फेऱ्यांत हवा.

रक्तदाब, साखर मोजायची हौस अनेकांना असते. मोजल्यावर पुढे कोण बघणार हे ठरलेलं नसेल तर मोजू नका. १९० चा आकडा बघून ‘दवाखान्यात दाखवा’ म्हणायचं आणि निघून जायचं, हे बरोबर नाही.

परवानगीचा वाद मिटवून टाका: लागते. आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) २०१७ ची राष्ट्रीय नीतितत्त्वं आरोग्याशी संबंधित सामाजिक संशोधनालाही लागू आहेत. त्यात या प्रकारासाठी स्वतंत्र प्रकरणच आहे. रक्त काढण्याचा संबंध नाही. एकट्या राहणाऱ्या, अशिक्षित, अनुदानावर जगणाऱ्या माणसाला त्याच्या लेकाबद्दल विचारणं यातही धोका असतो. तुमच्या महाविद्यालयात समिती नसेल तर आधी विद्यापीठाकडे चौकशी करा. नाहीतर ज्या संस्थेत नोंदणीकृत समिती आहे तिच्याशी लेखी करार करून तिच्यापुढे जाता येतं. अर्जासोबत आराखडा, मराठी माहितीपत्रक, मराठी संमतीपत्र, मराठी प्रश्नावली, मार्गदर्शकांची सही, माहिती कुठे आणि किती वर्षं ठेवणार, आणि कोणी संकटात सापडलं तर काय करणार, हे सगळं जोडा. अनेक अर्ज परत येतात ते मराठी कागद न जोडल्यामुळे किंवा शेवटचा मुद्दा कोरा ठेवल्यामुळे. आणि माहिती गोळा झाल्यावर मागच्या तारखेची परवानगी कोणतीही नीट समिती देत नाही.

संमती त्या माणसाची स्वतःची हवी. लेकाची नको, सरपंचाच्या पत्राने तर मुळीच भागत नाही. सही येत नसेल तर अंगठा, आणि शेजारी वाचता येणारा, तुमच्या गटाबाहेरचा साक्षीदार. आशाताईंनी घर दाखवावं आणि निघावं. गोळ्या त्यांच्याकडून मिळतात, त्यामुळे त्यांच्यासमोर ‘मला नाही बोलायचं’ असं म्हणणं अवघड जातं. दारात गेल्यावर पहिल्या दोन वाक्यांतच सांगा की तुम्ही कोणत्या योजनेच्या नाही, यातून अनुदान सुरूही होणार नाही आणि बंदही होणार नाही. हे न सांगितल्यास लोक तुम्हाला योजनेवाली मॅडम समजतात. उत्पन्न कमी आणि दुखणं जास्त सांगतात. आधारचा फोटो काढू नका. भावकीतलं कोणी येऊन मध्येच उत्तरं द्यायला लागलं तर प्रश्न थांबवा, पिकापाण्याचं बोला, एकटेपण मिळाल्यावर पुढे जा.

संकटाची तयारी कागदावर हवी आणि पर्समध्येही. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांशी आधी बोलून ठेवा. ज्येष्ठांची हेल्पलाइन १४५६७, मानसिक आरोग्यासाठी टेलिमानस १४४१६. ‘आता जगून काय करायचं’ असं कोणी म्हणालं तर प्रश्नावली बाजूला ठेवून तिथेच थांबा, जवळच्या कोणाला बोलवायचं ते त्यांनाच विचारा, आणि त्याच दिवशी डॉक्टरांपर्यंत पोहोचवा. बहात्तरीचं माणूस आयुष्मान भारतच्या ५ लाखांच्या विम्याला पात्र असूनही कार्ड नसेल तर ते कुठे काढायचं हे मुलाखत संपल्यावर सांगा, आधी नाही. आधी सांगितलंत तर उत्तरं बदलतात.

माहिती भरायला कोबो टूलबॉक्स वापरा. मोफत आहे, रेंज नसताना मोबाइलवर चालतं, आणि ‘एकटी राहते’ म्हटल्यावर सुनेचे प्रश्न आपोआप गाळतं. नावं आणि उत्तरं एका फायलीत ठेवू नका.

विश्लेषणात चौदा गृहीतकं आणि प्रत्येकाला काय-वर्ग (काय-स्क्वेअर) चाचणी, ही आपल्याकडची सवय मोडा. ०.०५ च्या पातळीवर वीस चाचण्या केल्या तर सरासरी एक नुसत्या योगायोगाने ‘लक्षणीय’ निघते. एक मुख्य मोजमाप आणि दोन-तीन दुय्यम, तेही माहिती गोळा करायच्या आधी लिहून ठेवलेले. त्याच माणसाच्या ऑगस्ट आणि जानेवारीच्या हो-नाही उत्तरांसाठी साधा काय-वर्ग चालत नाही, मॅकनेमार चाचणी लागते. अनेक घटकांचा परिणाम एकत्र तपासायला लॉजिस्टिक रिग्रेशन करणार असाल तर गरज अपुरी राहिलेली माणसं ८० असताना मॉडेलमध्ये ८ पेक्षा जास्त घटक घालू नका. सोबत बारा-पंधरा सविस्तर मुलाखती कराच. आकडे किती माणसांवर वेळ आली ते सांगतील. शेजारीण भाकरी देते तेव्हा आजीला काय वाटतं, ते आकड्यांत येत नाही.

राष्ट्रीय आकड्यांशी तुलना करताना वयोगट बघा. मुंबईच्या आयआयपीएस या लोकसंख्या अभ्यास संस्थेने केलेल्या लासी या वार्धक्यावरच्या राष्ट्रीय पाहणीची पहिली फेरी २०१७-१८ ची, आणि तिच्यात ४५ वर्षांपासूनची माणसं आहेत. त्यातले ६० वरचे वेगळे काढूनच तुलना करा. वयोगट न बघता तुलना करायची घाई बीडमध्ये आधी झालीय. २०१९ साली राज्याच्या समितीसमोर ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशयं काढल्याचं आलं. प्रश्न अतिशय गंभीर होता आणि आहे. पण हा आकडा थेट राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या १५ ते ४९ वयाच्या आकड्याशेजारी ठेवणाऱ्यांनी दोन्हीकडच्या बायकांची वयं जुळतात का, हे क्वचितच तपासलं. त्यानंतर या गावांत पत्रकार, अभ्यासक, पथकं येऊन गेली. लोक सांगून थकलेत आणि निकाल घेऊन परत आलेलं कोणी फारसं दिसत नाही. तुम्ही प्रत्येक गावाला एका पानाचा मराठी निष्कर्ष द्या, ग्रामसभेत वाचून दाखवा, आणि हे काम आराखड्यातच वेळ-खर्चासह लिहा.

३,००० रुपयांच्या जर्नलला उत्तरही देऊ नका. चार दिवसांत तज्ज्ञांकडून परीक्षण होत नाही. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२२ च्या नियमांत पीएच.डी.साठी पेपर छापण्याची सक्ती उरलेली नाही. तुमच्या विद्यापीठाचा स्वतःचा नियम काय आहे ते तेवढं बघा. मान्य नियतकालिकांची यूजीसीची केअर यादीही २०२५ मध्ये बंद झाली, त्यामुळे ‘आम्ही केअरमध्ये आहोत’ या दाव्यात आता काही अर्थ नाही. इंडियन जर्नल ऑफ पब्लिक हेल्थ, इंडियन जर्नल ऑफ कम्युनिटी मेडिसिन यांसारखी नियतकालिकं बघा. वेळ लागेल, नकारही येईल, पण परीक्षकांच्या टिपणांनी प्रबंध सुधारतो.

राहिला मार्गदर्शकांचा प्रश्न. त्यांना मे महिना हवाय तो बहुधा तुमची मुदत जाऊ नये म्हणून. तीच भीती दूर करा. २०२२ च्या नियमांप्रमाणे पीएच.डी.ला कमाल सहा वर्षं, पुनर्नोंदणीने दोन, आणि महिलांना आणखी दोन वर्षं मिळू शकतात. एक हंगाम थांबून काही बुडत नाही. एका पानावर लिहून न्या: दोन फेऱ्यांचे महिने आणि त्यामागचं कारण, ३२४ चा हिशोब, मुख्य मोजमाप, नीतिसमितीकडे अर्जाची तारीख. समितीचा निर्णय यायला दोन-तीन महिने धरा, म्हणजे ऑगस्टची फेरी गाठायची तर अर्ज एप्रिलमध्ये पडायला हवा आणि पूर्वपाहणी जुलैत. हे पान त्यांच्या सहीने संशोधन सल्लागार समितीच्या पुढच्या सहामाही बैठकीत ठेवा आणि इतिवृत्तात नोंदवून घ्या. पुढे कोणी ‘३८४ का नाही’ असं विचारलं तर ते इतिवृत्तच पुढे करता येईल.